उघडून दिलेले डोळे

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी माझी बहीण वारली. ती एकवीस वर्षांची होती. मी सतरा वर्षांची होते. आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. घरात तिचा फोटो नव्हता.

याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. तरी दिवाळीचे आकाशकंदील उतरले आणि उसाच्या गाड्या गावातून कुरकुरत जायला लागल्या, की तो हंगाम माझ्यापुरता पुन्हा सुरू होतो. गुऱ्हाळं पेटतात. कागलच्या बाजूने येणारा वारा काकवीचा वास घेऊन येतो, गोड आणि जरासा करपलेला. सकाळी रंकाळ्यावर धुकं असतं आणि त्यातून म्हशी धुणाऱ्यांचे नुसते आवाज येतात. लोक म्हणतात, काय हवा पडलीय. मी मान हलवते आणि कॉलेजच्या लायब्ररीत कामावर जायची वाट धरते.

आमच्या घरात थंडी आधी डार्करूममध्ये यायची. डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं रसायन, गार पडलं की काम करत नाही. आई चुलीवर पाणी तापवून परातीत ओतायची आणि आप्पा त्या परातीत डेव्हलपरचा ट्रे ठेवायचे. पाणी निवत आलं की आतून हाक यायची, आणि आई पुन्हा चुलीकडे जायची. फोटो धुऊन धुऊन आप्पांच्या बोटांना भेगा पडायच्या. त्यांत फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबूस वास मुरलेला असायचा. थंडीत काम दुप्पट असे. लग्नसराई सुरू व्हायची आणि म्हातारी माणसंही थंडीतच जायची. "ह्यो हंगाम म्हंजे दोन्ही अंगानं गिऱ्हाईक," असं बाबालालचाचा म्हणायचे.

बाबालालचाचा आमच्या स्टुडिओतले रिटचर. खिडकीशी त्यांची तिरप्या काचेची पेटी होती. पेटीखाली आरसा, आरशातून उजेड काचेवर चढायचा, काचेवर निगेटिव्ह, आणि चाचांच्या हातात सुईसारखी तासलेली पेन्सिल. देवीचे व्रण, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं ते टिंबाटिंबांनी भरून काढायचे. पण गावात त्यांचं नाव झालं होतं ते डोळ्यांसाठी. तेव्हा कितीतरी माणसं आयुष्यात एकदाही कॅमेऱ्यासमोर बसत नसत. माणूस गेलं, की तिरडी उचलायच्या आधी घरचे कुणाला तरी फोटोग्राफरकडे पळवत. मयताला भिंतीला टेकवून बसवायचं, टोपी किंवा पदर नीट करायचा आणि फोटो घ्यायचा. मग कागदावरच्या त्या मिटलेल्या पापण्यांवर रिटचर ब्रशने उघडे डोळे काढायचा आणि त्या फोटोचा पुन्हा फोटो घ्यायचा, म्हणजे वरून लावलेला रंग दिसत नसे. धंद्यात याला डोळे उघडून देणं म्हणत. चाचांनी उघडून दिलेले डोळे पार निपाणीपर्यंत भिंतीभिंतींवरून बघत होते.

यंदा थंडीबरोबर एक काम आलं, म्हणून हे सगळं कागदावर येतंय. आमच्या कॉलेजातले इंग्रजीचे सर फोटोग्राफीचं मंडळ चालवतात. प्रसिद्ध छायाचित्रकार आणि त्यांचं योगदान, असं प्रदर्शन त्यांना भरवायचं आहे. बाहेरच्या देशांतली मोठमोठी नावं त्यांनी जमवली आहेत. आपल्या गावचे म्हणून त्यांना आप्पा हवेत. "बाई, दोन पानं द्या. योगदान मुद्द्यांत आलं तरी चालेल."

मुद्दे मी काढले. पहिला, त्यांनी पडदा काढला. स्टुडिओत मागे राजवाडा, तळं आणि दोन हंस रंगवलेला पडदा असायचा, आणि जोंधळ्याचं पोतं वाहणारा माणूसही त्या तळ्याकाठी कोट घालून उभा राहायचा. आप्पांनी तो पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि माणसाला उत्तरेच्या खिडकीशी बसवलं. दुसरा, त्यांनी पैलवानांना तेल लावू दिलं नाही. तालमीतून उठून अंगावरच्या मातीसकट त्यांना बोलावलं. त्या फोटोंत खांद्यावरची माती दिसते, आणि तिच्यातून घामाने काढलेल्या वाटा. तिसरा, गोरं करून द्या म्हणणाऱ्याला ते सरळ म्हणायचे, "तुमचा रंग मी बिघडवणार नाही." त्यांच्या फोटोंची मुंबईला प्रदर्शनं झाली. लांबून माणसं शिकायला येत. आप्पा त्यांना फोटोग्राफीची इंग्रजी वार्षिकं काढून दाखवायचे. कुणी खाणकामगारांचे चेहरे टिपले होते, कुणी आयुष्यभर एकाच गल्लीचे. "ह्या लोकांनी काय केलं सांगू? थांबायला शिकवलं. कॅमेरा सगळ्यांकडं असतो. थांबणं नसतं."

चौथा मुद्दा मी लिहिला आणि पेन खाली ठेवलं. चौथा मुद्दा असा, की आप्पांनी आपल्या स्टुडिओत मेलेल्या माणसांचे डोळे उघडून देणं बंद केलं.

ते बंद केल्यावर आलेलं एक गिऱ्हाईक मला लख्ख आठवतं. गडमुडशिंगीचा शेतकरी होता. त्याच्या आईचा शेवटचा फोटो आप्पांनीच काढला होता. फोटो हातात घेऊन त्याने तो खिडकीच्या उजेडाकडे फिरवला.

"डोळं न्हाईत की ओ."

"मिटलेत. झोपल्यासारख्या दिसतात बघा. शांत."

"झोपत कुटं हुती ती. उघडून द्या की. ह्ये बाबालाल देत्यात म्हनं."

"आता देत नाही. काढलेले डोळे तुमच्या आईचे नसतात, पावणं. ते बाबालालचे असतात."

"असू द्यात की," तो म्हणाला. "कुनाचं का असंनात. आमच्याकडं बघत तर ऱ्हाईल."

आप्पा बधले नाहीत. त्याने फोटो धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि दुसऱ्या स्टुडिओच्या जिन्याकडे गेला. चाचा पेटीवरून मान वर न करता म्हणाले, "मालक, त्यो बरूबर बोलला." आप्पा म्हणाले, "तू काम कर." ताई कोपऱ्यात पांढऱ्या धोतराची घडी घालत होती. ती हसू दाबत होती, आणि मला कोपराने ढोसत होती.

ताईचं नाव शालन. अकरावी झाल्यावर ती स्टुडिओतच असायची. आप्पांची एक रीत होती. गिऱ्हाईक खुर्चीवर फार वेळ बसलं की त्याचा चेहरा मरतो, असं ते म्हणायचे. म्हणून गिऱ्हाइकाला खाली बाकावर चहा देऊन बसवायचं आणि तोवर वर खुर्चीवर ताईला बसवून प्रकाश ठरवायचा. खिडकीचा पडदा किती ओढायचा, सावलीच्या बाजूला उजेड परतवायला पांढरं धोतर किती जवळ धरायचं, कॅमेरा किती पुढे, सगळं ताईच्या चेहऱ्यावर ठरायचं. गिऱ्हाईक पैलवान असेल तर ताई छाती फुगवायची. नवरी असेल तर मान खाली. म्हातारी असेल तर तोंडाचं बोळकं करायची. सगळं जमलं की ती उठायची, गिऱ्हाईक तिच्या जागी यायचं, आणि ती धोतर धरून बाजूला उभी राहायची. मग आप्पा कॅमेऱ्यात फिल्म घालायचे.

तेव्हा फिल्म मिळायची मारामार होती. मुंबईहून कुणाच्या ओळखीने डबा यायचा, आणि त्यातली एकेक फिल्म आप्पा औषधाच्या गोळीसारखी जपायचे. फिल्म गिऱ्हाइकाची. ताईसमोरचा कॅमेरा रिकामाच.

"आप्पा, आज तरी फिलम घातलीय का नुसतंच?" ती रोज विचारायची.

"मान थोडी वर कर. हलू नको."

"रिकाम्या कॅमेऱ्याला हललं काय आन न हललं काय."

कधीकधी आप्पा मला कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात घ्यायचे. आत अंधार, कापडाचा कुबट वास, आणि समोर दुधी काच. त्या काचेवर ताई उलटी दिसायची, डोकं खाली, खुर्ची वर, पण रंगांत. तिची हिरवी साडी, खिडकीतला उजेड, हलणारे हात. ती जीभ काढून दाखवायची आणि काचेवर ती जीभ वरच्या दिशेला जायची. मला हसू फुटायचं. कापडाबाहेरून आप्पा म्हणायचे, "काय दिसतंय?" मी म्हणायचे, "ताई पडायला लागलीय." इतक्या वेळा ती त्या काचेवर उमटली. एकदाही टिकली नाही. आज आप्पांच्या ज्या ज्या फोटोसमोर माणसं थांबतात, त्या प्रत्येकातला प्रकाश आधी माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर पडून गेलेला आहे. हे योगदान कुणाचं, हे मला कळत नाही. मी ते मुद्द्यांत घातलेलं नाही.

तिचा फोटो काढायचाच नव्हता, असं नाही. लहानपणी शाळेचा एक ग्रुप निघाला होता. त्यात नेमकी ती हलली, आणि तिच्या मानेवर नुसता एक पांढुरका धूर आहे. पुढे ती गेली त्या वर्षीच्या श्रावणात एक स्थळ आलं. मुलगा सांगलीला सरकारी नोकरीत होता. त्यांनी मुलीचा फोटो मागितला. आई म्हणाली, "उद्याच्याला काढा." आप्पा म्हणाले, "पावसाचा उजेड मेलेला असतो. दिवाळी होऊ दे. थंडीचा उजेड पडला की असा काढतो, की लोक मागून घेतील."

"आवो, लग्नाला फोटू पायजे. प्रदर्शनाला न्हवं."

"माझ्या पोरीचा कसातरी काढू?"

ताई म्हणाली, "आप्पा, मी खाली बाकावर चहा पिऊन गिऱ्हाईक म्हणून वर येते. मग तरी काढाल का?" आप्पा हसले. आम्ही सगळेच हसलो. त्यांनी दिवस ठरवला. तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार, सकाळी दहा. तो उजेड कुठे पडेल तेही त्यांनी फरशीवर खडूने आखून ठेवलं होतं. त्या रविवारी ताईला उलट्या होत होत्या, आणि सोमवारी तिचे डोळे पिवळे दिसले.

कावीळ. डॉक्टरांचं औषध सुरू झालं. कुणीतरी काविळीची माळ आणून दिली. ती डोक्यावर घालायची आणि उतरत उतरत गळ्यात आली की बरं वाटतं म्हणे. आईने उसाचा रस आणला, गुऱ्हाळाच्या घाण्यावरून थेट तांब्यात. ताई दोन घोट प्यायची आणि तोंड फिरवायची. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता. ती बोलायला लागली की मी तिच्या कपाळाकडे बघायचे, हाताकडे बघायचे, उशीच्या अभ्र्याकडे बघायचे. डोळ्यांकडे बघवत नव्हतं. "माझ्याकडं बघ की ग," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, "बघतेय की." मी बघत नव्हते. शेवटचे पंधरा दिवस तिचे डोळे माझ्यासमोर उघडे होते, आणि ते मी चुकवले.

त्या गुरुवारी आईने पहाटेच घट मांडला होता. ताई गेली तेव्हा नारळावर हळदकुंकू ओलंच होतं.

आप्पा बराच वेळ उंबऱ्यावर बसून होते. मग उठले आणि चाचांना म्हणाले, "वर न्या तिला." खाली सोयरे जमत होते. कुणीतरी म्हणालं, उशीर होईल. आप्पांनी ऐकलं नाही. स्टुडिओचा जिना अरुंद. चाचा आणि माझे मामा तिला घेऊन चढले आणि त्या खुर्चीवर बसवलं. चाचा खुर्चीच्या मागे काळं कापड पांघरून उभे राहिले आणि कापडातून दोन्ही हातांनी तिची मान सावरली. धोतर धरायला कुणी नव्हतं. ते मी धरलं.

आप्पांनी खिडकीचा पडदा थोडा ओढला. कॅमेऱ्याच्या कापडात गेले. आतून त्यांचा आवाज आला, रोजचाच. "मान थोडी वर कर."

कुणीच हललं नाही. मग काळ्या कापडातल्या चाचांनी हळूच ती मान वर केली. आप्पा पुढचं वाक्य बोलले नाहीत. ते बाहेर आले, डब्यातून फिल्म काढली आणि कॅमेऱ्यात घातली. ताईसमोर त्या कॅमेऱ्यात फिल्म पहिल्यांदाच होती. दहा वाजले असतील. उजेड खडूच्या रेघेवर होता.

तो फोटो आईने तेराव्यानंतर बघितला. पदराने काच पुसावी तसा कागद पुसला, आणि उलटा करून ठेवला. "ही माझी पोरगी न्हाय," ती म्हणाली. "ही मेल्याली हाय."

"आहे ते असंच आहे," आप्पा म्हणाले.

"डोळं उघडून द्या."

"मी लोकांना नाही म्हटलं. आता घरच्याला..."

"लोकांच्या आईबापावर तुमचा नेम लावला. माझ्या पोरीवर लावू नगा. येकवीस वरसं तुमच्या म्होरं बसली. येक फिलम न्हाय घातली तुमी."

आप्पा उठून डार्करूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. त्यानंतर आई जेवेना. पाणी तापवायला सांगितलं तर तापवायची, भाकरी थापायची, सगळ्यांना वाढायची, आणि स्वतः भिंतीला टेकून बसायची. चार दिवस गेले, पाच गेले. उठताना ती भिंत धरायला लागली. बहीण गेलीच होती. आता आईही जाणार, असं मला दिसत होतं, आणि डार्करूमच्या दाराबाहेर उभी राहून मी आप्पांना हाक मारली. ते दार उघडून म्हणाले, "बाबालालला सांग, काय करायचं ते कर. मला दाखवू नका."

चाचांनी फोटो पेटीवर ठेवला, ब्रश ओला केला, वाळू दिला, पुन्हा ओला केला. दुपार सरली.

"धाकटे," ते मला म्हणाले. "बुबुळ काढीन, पापनी काढीन. नजर कुटनं आनू? मी पोरीकडं कदी नीट बघितलंच न्हाय. ती आपली समूरच असायची."

मी त्यांना सांगायला लागले. डोळे मोठे होते. म्हणजे फार मोठे नाही. काळे. नाही, तपकिरी. उजेडात तपकिरी. मी थांबले. डोळ्यांपुढे येत होता तो फक्त पिवळा रंग. पेपरात येणारा प्रश्न वाचावा आणि उत्तर सुचू नये, तसं झालं. तिला जाऊन महिनाही झाला नव्हता.

"चाचा, माझे घ्या," मी म्हटलं.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "तुज्यात आन तिच्यात फरक हाय."

"मी तिच्यासारखं बघते. तुम्ही काढा."

तीन दिवस दुपारी मी त्या खुर्चीवर बसले. चाचा समोर, मांडीवर पाटी, पाटीवर ताई. मी ताईसारखं बघत होते. आधी ती थट्टा करताना बघायची तसं. मग आप्पा रागावले की बघायची तसं. मग मला ढोसून हसताना. माझा चेहरा दुखायला लागला. पहिल्या दिवशी मला कळत होतं, हे तिचं, हे माझं. दुसऱ्या दिवशी अधूनमधून कळत होतं. तिसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, "झालं बग. उठ आता." मी उठले तेव्हा मला काहीच कळत नव्हतं.

आईने फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग पाटावर बसली आणि म्हणाली, "वाढ मला." आई पुढे अठरा वर्षं जगली. रोज सकाळी त्या फोटोला हळदकुंकू लावायची, त्याच्याशी बोलायची, बाजारातून काय आणू विचारायची. ती ताईशी बोलायची आणि माझे डोळे तिच्याकडे बघायचे. मी समोर असले तरी ती बोलायची फोटोशीच. याचं मला वाईट वाटायचं असं लिहिलं, तर ते पूर्ण खरं नाही. मला भीती वाटायची.

आप्पांनी त्या फोटोकडे कधी बघितलं नाही. जेवायला बसताना त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. पाहुण्यांना वाटायचं, दुःख सोसत नाही. मलाही तेच वाटायचं. चाचांनी त्यानंतर कुणाचेच डोळे काढले नाहीत. पुढे रंगीत फोटो आले. मुंबईच्या लॅबमधून गुळगुळीत चेहरे पाकिटांतून यायला लागले, आणि रिटचरची पेटी माळ्यावर राजवाड्याच्या पडद्याशेजारी गेली. चाचा जाऊन आता सात वर्षं झाली.

माझं लग्न झालं नाही. पुस्तकांत दिवस जातो. पुस्तकांत डोळ्यांची वर्णनं फार असतात. एकेकाळी मी ती वहीत उतरवून घ्यायचे. वाटायचं, कुठल्यातरी एका वाक्याशी थांबून मला आठवेल. मग ते सोडलं.

आई गेली त्या वर्षी मी नृसिंहवाडीला गेले. ताईची मैत्रीण मालू तिथे दिली होती. घाटाच्या वाटेवर त्यांचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे. मालू आणि ताई शाळेत एका बाकावर बसायच्या. मालू आता जाड झाली होती. तिने पेढे पुढे केले, माझ्या पांढऱ्या केसांना नावं ठेवली. मग मी विचारलं.

"मालूअक्का, ताईचे डोळे कसे होते?"

"आता हे काय इचारनं झालं? तुज्यासारखेच की. अगदी तुजे. फोटूत दिसत्यात न्हवं?"

"फोटो सोड. शाळेतली आठवून सांग."

तिने खरंच डोळे मिटले. बाहेर गुरुचरित्राचं वाचन चाललं होतं. "तशीच दिसती ग," ती म्हणाली. "फोटूतल्यावानी." मग माझ्या तोंडाकडे बघून घाबरली. "का ग? काय झालं?"

मी परतीच्या एसटीत बसले आणि मला समजलं. जो जो त्या फोटोकडे बघत गेला, त्याच्यातून ताई हळूहळू निघून गेली. दोनतीनशे लोकांनी तरी तो फोटो बघितला असेल. राहिला होता एकच माणूस, फोटोकडे पाठ करून बसलेला.

तरी आप्पांना विचारायला मला पुढची दोन वर्षं लागली. ते अंथरुणाला खिळले होते. एका दुपारी मी त्यांची नखं काढत होते, आणि विचारलं. त्यांनी दुसरा हात पुढे केला. मला वाटलं ऐकू आलं नाही. नखं काढून झाली, मी उठणार, तेव्हा ते म्हणाले, "हसायला लागली की डावा डोळा आधी मिटायचा. मग उजवा."

"आणखी?"

"काचेवर बघितलंय मी. काचेवर उलटं दिसतं. तेव्हा डावा म्हणजे..." ते थांबले. हात वर करून हवेत त्यांनी काहीतरी फिरवलं, जसं एखादी निगेटिव्ह उलटसुलट करून बघावी. "डावाच. का उजवा." मग त्यांचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, "मी थांबायला नको होतं, धाकटे."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. गेल्या भाद्रपदात ते गेले.

दिवाळीनंतर मी स्टुडिओ उघडला. प्रदर्शनासाठी निगेटिव्ह निवडायच्या, असं सरांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ताई इतकी वर्षं त्या खोलीत होती. कुठल्यातरी फोटोच्या कडेला, आरशात, काचेच्या कपाटात ती सापडेल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. रविवारमागून रविवार मी पेट्या उपसल्या. एका नवरीच्या फोटोत कडेला पांढऱ्या धोतरावर चार बोटं मिळाली. ती ताईची. मी त्यांना ओळखलं, डाव्या तर्जनीचं नख चिरलेलं होतं. मग मी भिंग घेऊन माणसांच्या डोळ्यांत शोधायला लागले. आप्पांच्या फोटोंत बुबुळांत खिडकी दिसते, लहानशी, चौकोनी. खिडकीशेजारी धोतराचा पांढरा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यामागे कुणीतरी उभं असायला हवं. पैलवानांच्या डोळ्यांत, फुलवालीच्या डोळ्यांत, गुळव्याच्या डोळ्यांत मी तिला शोधलं. ठिपक्यामागे काळं काहीतरी आहे. ती असेल. कपाटही असेल. भिंग जवळ नेलं की नुसते फिल्मचे दाणे उरतात.

शेवटच्या पेटीत, कागदात गुंडाळलेली, तिची निगेटिव्ह होती. डोळे उघडायच्या आधीची. आप्पांनी तिच्यावर काहीच लिहिलं नव्हतं. मी ती लॅबवाल्याकडे दिली आणि छापून आणली. लॅबवाला तरुण मुलगा होता. पाकीट देताना म्हणाला, "बाई, फोटो मस्त आहे, पण ह्यांनी नेमके डोळे मिटलेत बघा. दुसरा शॉट नाही का?"

दोन पानं सरांना उद्या द्यायची आहेत. तीन मुद्दे देईन.

माझ्याकडे ताईचे दोन फोटो आहेत. एकात तिचे डोळे मिटलेले आहेत. एकात ते माझे आहेत.